फ्रोझन स्प्रिंग रोल एअर फ्रायरमध्ये कुरकुरीत कसे करावेत

फ्रोझन स्प्रिंग रोल एअर फ्रायरमध्ये केले की दोनच तक्रारी वारंवार कानावर येतात. एक तर वरून रंग येतो पण पारी वातड राहते, नाही तर टोके करपून जातात आणि मधले सारण गारच लागते. या दोन्ही तक्रारींचे मूळ तापमानाच्या आकड्यात कमी आणि पाण्यात जास्त आहे. रोलवर साचलेला बर्फ, कोबी-गाजराच्या सारणातला ओलावा आणि रोल तयार झाल्यावर आतून बाहेर येणारी वाफ, एवढ्यांचा नीट बंदोबस्त केला तर मैद्याची तीच पारी छान खुसखुशीत होते. पुढे दिलेली प्रत्येक कृती, मग ती तेलाचा ब्रश फिरवण्याची असो किंवा रोलमध्ये अंतर ठेवण्याची, पारी लवकर कोरडी व्हावी यासाठीच आहे. हे ध्यानात ठेवले, तर आपापल्या यंत्राप्रमाणे मिनिटे कमी-जास्त करणे कोणालाही जमेल.

एअर फ्रायर म्हणजे वस्तुतः एक लहान, बंदिस्त ओव्हन आहे. फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात आपला एअर फ्रायर सादर केला आणि त्यानंतर अनेक कंपन्यांची अशी यंत्रे बाजारात आली. परंतु वर तापणारी कॉइल आणि तिच्याजवळ वेगाने फिरणारा पंखा ही मूळ रचना बहुतेक सर्वांत सारखीच आहे. पंखा गरम हवा खाली ढकलतो आणि ती जाळीच्या भोकांतून फिरून पुन्हा वर जाते. कढईत १८० अंश सेल्सिअसचे तेल रोलला चहूबाजूंनी एकाच वेळी भिडते, त्यामुळे चार-पाच मिनिटांत घाणा निघतो. तितक्याच तापमानाची हवा मात्र तेलाच्या मानाने फार सावकाश उष्णता देते, म्हणून येथे दहा-बारा मिनिटे लागतात, आणि हवेची वाट अडली तर त्याहूनही जास्त. शिवाय पारीच्या पृष्ठभागावर जोवर पाणी आहे, तोवर तिचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर चढत नाही, तर सोनेरी रंग आणि खरपूस चव देणारी क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. म्हणजेच वरचे पाणी जितक्या लवकर उडेल, तितका रंग लवकर येईल आणि आतले सारण उकळून पारी फुटण्याआधी काम पूर्ण होईल.

पाकीट विकत घेताना ते हलवून पाहावे. रोल आत सुटे खडखडत असतील तर माल नीट गोठलेला आहे. सगळा मिळून एकच गोळा झाला असेल किंवा तळाशी बर्फाची लादी साचली असेल, तर ते पाकीट वाटेत कुठे तरी वितळून पुन्हा गोठले आहे असे समजावे आणि ते घेऊ नये. अशा रोलची पारी आधीच ओली होऊन गेलेली असते आणि ती पुढे कोणत्याही युक्तीने पूर्ण कुरकुरीत होत नाही. घरीही फ्रीजरचे तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असावे, आणि उघडलेल्या पाकिटातली हवा काढून त्याचे तोंड घट्ट बंद करावे, कारण उघड्या पाकिटात रोलवर पांढरे हिमकण धरतात आणि त्यांचेच पुढे जाळीत पाणी होते.

यानंतर रोल कारखान्यात अर्धवट तळून गोठवलेले आहेत की कच्चे, हे पाहणे फार महत्त्वाचे आहे, कारण तेलाचे सगळे गणित त्यावर ठरते. पाकिटावर तसा स्पष्ट उल्लेख नसला तरी रोल पाहून अंदाज येतो. अर्धवट तळलेल्या रोलचा रंग फिकट पिवळसर असतो, पृष्ठभागावर बारीक फोड दिसतात, आणि घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असल्यामुळे खाद्यतेल त्या यादीत बरेच वर आढळते. अशा रोलना वरून तेल नाममात्र लागते. पारी पांढरी आणि पिठूळ दिसत असेल तर रोल कच्चा आहे, आणि तो तेलाशिवाय तसाच फ्रायरमध्ये ठेवला तर पुठ्ठ्यासारखा कोरडा व कडक होतो. एअर फ्रायर घेतला म्हणजे तेल अजिबात वापरायचेच नाही असा आग्रह पुष्कळ घरांत दिसतो, पण कच्च्या पारीच्या बाबतीत तो सोडून द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. आठ रोलना मिळून एक चहाचा चमचा तेल पुरते आणि तेवढ्याने पदार्थाचा सगळा नूर बदलतो.

पारी कशाची आहे हेही तपासावे. भारतात मिळणारे बहुतेक फ्रोझन स्प्रिंग रोल मैद्याच्या पातळ पट्टीचे असतात आणि या लेखातील वेळा त्यांच्यासाठीच आहेत. फिलिपिन्सचे लुंपियाही सहसा गव्हाच्याच पातळ पारीत गुंडाळलेले असतात, मात्र आकाराने बारीक असल्यामुळे लवकर होतात. व्हिएतनामी पद्धतीचे तळायचे रोल पुष्कळदा तांदळाच्या पारदर्शक कागदात असतात. परदेशात आशियाई किराणा दुकानातून खरेदी करणाऱ्यांच्या हाती हे पाकीट सहज लागते. तांदळाची पारी गरम होताना चिकट होते आणि शेजारच्या रोलला चिकटून फाटते, म्हणून तिला तेल थोडे सढळ हाताने लावावे आणि दोन रोलमध्ये दुप्पट जागा सोडावी.

रोल आधी बाहेर काढून वितळवू नयेत. समोसा किंवा कटलेटच्या बाबतीत काही जण तसे करतात, परंतु स्प्रिंग रोलची पारी इतकी पातळ असते की बाहेरच्या हवेतले बाष्प तिच्या गार पृष्ठभागावर धरले की ती पाहता पाहता सादळते, आणि उचलताना मधोमध फाटते. मुंबईत व कोकणात पावसाळ्याच्या दिवसांत तर यासाठी पाच मिनिटेही पुरतात. फ्रायर तापवून पूर्ण तयार झाल्यावरच पाकीट फ्रीजरमधून काढावे, लागतील तेवढे रोल घेऊन उरलेले लगेच परत ठेवावेत, आणि रोलवर हिमकण दिसत असतील तर ते कोरड्या सुती फडक्याने हलकेच पुसून घ्यावेत. ही पुसण्याची कृती क्षुल्लक वाटते खरी, पण पारी वातड होण्याचे निम्मे कारण तिथेच निघून जाते. दोन-तीन रोल एकमेकांना चिकटले असतील तर त्यांच्यात सुरी घालू नये. तो गोळा १६० अंशांवर एक ते दीड मिनिट ठेवावा म्हणजे सांधे सैल होतात आणि रोल अलगद सुटतात.

फ्रायर ओट्यावर ठेवताना मागच्या बाजूस भिंतीपासून किमान दहा सेंटिमीटर अंतर सोडावे, कारण गरम हवा बाहेर पडण्याची वाट बहुतेक यंत्रांत मागेच असते. विजेच्या जोडणीचाही विचार करावा. घरगुती एअर फ्रायर बहुधा १२०० ते १५०० वॅटचे असतात. १५०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर वीज ओढते, त्यामुळे ते ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला किंवा स्वस्तातल्या एक्स्टेंशन बोर्डाला न लावता १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावावे. विजेच्या बिलाची मात्र धास्ती बाळगू नये. असे यंत्र पंधरा मिनिटे सलग चालले तरी ०.३७५ युनिटच वीज लागेल, आणि तापमान गाठल्यावर कॉइल मधूनमधून बंद होत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी लागते.

रिकामे यंत्र २०० अंशांवर तीन ते चार मिनिटे तापवून घ्यावे. जाळी आधीच तापलेली असली की रोल ठेवताच खालची बाजू लगेच सुकू लागते आणि चिकटत नाही. या वेळी जाळीत बटर पेपर घालून ठेवू नये. वजन नसलेला कागद वाऱ्याने उडून वरच्या तापलेल्या कॉइलला लागतो आणि पेट घेऊ शकतो. खरे तर स्प्रिंग रोलसाठी कागद मुळीच वापरू नये, कारण त्याने जाळीची भोके बंद होतात आणि खालून हवा लागत नाही.

तेल ब्रशने लावावे. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे रिफाइंड तेल योग्य ठरते; घाण्याचे कच्चे तेल चवीला चांगले असले तरी या तापमानाला लवकर धुरावते. ब्रश फिरवताना दोन्ही टोके आणि घडीची कड विसरू नये, कारण तिथे पारीचे थर जास्त असतात आणि कोरडे पीठ तिथेच उरते. दाबून फवारायच्या डब्यातले तेल वापरणे टाळावे. त्यातल्या अनेक तेलांत लेसिथिन नावाचा मिसळलेला पदार्थ असतो आणि त्याचा चिकट थर जाळीच्या नॉनस्टिक मुलाम्यावर बसला की तो घासूनही निघत नाही. फवारायचेच असेल तर साध्या पंपाच्या बाटलीत आपले नेहमीचे तेल भरावे.

रोल जाळीत एकाच थरात आणि एकमेकांपासून निदान बोटभर अंतरावर मांडावेत. पारीची शेवटची कड, म्हणजे जिथे ती चिकटवलेली असते ती बाजू, खाली ठेवावी. रोलच्याच वजनाने ती दाबली जाते आणि पहिल्या काही मिनिटांत पक्की बसते. चार लिटरच्या यंत्रात मोठे रोल सहा ते आठ आणि लहान कॉकटेल रोल बारा-चौदा मावतात. जाळी भरगच्च भरून वेळ वाचत नाही, कारण जिथे दोन रोल टेकतात तिथे पांढरा, ओला पट्टा राहतो आणि तो सुकवण्याच्या नादात बाकीचा भाग करपतो.

आता प्रत्यक्ष वेळ आणि तापमान. साधारण दहा-बारा सेंटिमीटर लांबीच्या मोठ्या रोलसाठी दोन टप्प्यांची पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. पहिल्या टप्प्यात तापमान १८० अंश ठेवून सहा मिनिटे होऊ द्यावेत. या टप्प्यात रंगाची अपेक्षा करू नये. सारण गाभ्यापर्यंत वितळून गरम होणे आणि वरचा ओलावा उडणे एवढेच यात व्हायचे असते. सहा मिनिटांनी जाळी बाहेर ओढली की पारी फिकट, कोरडी आणि स्पर्शाला किंचित खरखरीत झालेली दिसते. याच वेळी सिलिकॉनच्या चिमट्याने रोल उलटावेत आणि वर आलेल्या बाजूवर तेलाचा ब्रश पुन्हा एकदा ओझरता फिरवावा. आधी लावलेल्या तेलापेक्षा हे दुसरे तेल अधिक काम करते, कारण सुकलेल्या पारीवर ते एकसारखे पसरते आणि तिथून पुढे पारी खऱ्या अर्थाने तळल्यासारखी होऊ लागते. त्यानंतर तापमान २०० अंश करून आणखी चार ते पाच मिनिटे ठेवावेत. तिसऱ्या मिनिटापासून एकदा डोकावून पाहावे, कारण सोनेरी आणि करपलेले यांत येथे जेमतेम मिनिटभराचे अंतर असते.

कॉकटेल आकाराचे बारीक रोल एकाच तापमानाला करता येतात. १९० अंशांवर चार मिनिटे, मग उलटून किंवा जाळी हलवून आणखी तीन ते चार मिनिटे पुरे होतात. ज्यांचे यंत्र फॅरेनहाइटमध्ये आकडे दाखवते, त्या अमेरिकेतल्या वाचकांनी १८० अंशांसाठी ३६०, १९० साठी ३७५ आणि २०० साठी ३९० धरावे. आडव्या, ओव्हनसारख्या दाराच्या यंत्रात दोन ताटल्या एकाखाली एक लावता येतात, पण खालच्या ताटलीला उष्णता कमी पोहोचते. म्हणून रोल उलटताना ताटल्यांची अदलाबदल करावी आणि एकूण वेळ दोन मिनिटांनी वाढवावी. पाकिटावर एअर फ्रायरची वेळ दिली असेल तर पहिल्यांदा तीच पाळावी, आणि नव्या पाकिटातले दोनच रोल आधी करून पाहावेत म्हणजे आपल्या यंत्राचा अंदाज येतो.

रोल झाले की नाही हे केवळ रंगावरून ठरवू नये. चिमट्याने रोलवर हलके टिचकी मारल्यासारखे केले तर झालेल्या रोलमधून कोरडा, पोकळ आवाज येतो. आवाज बोदा आला तर पारी अजून ओली आहे. टोकाच्या घडीतून वाफेची बारीक रेघ निघू लागली की सारण पुरते गरम झाले, आणि त्यानंतर जास्त वेळ ठेवले तर आतली वाफ पारी फाडून बाहेर येते व सारण जाळीत सांडते. भाजीच्या रोलचा गाभा कडकडीत गरम झालेला असावा. चिकन, कोळंबी किंवा अन्य मांसाचे सारण असेल तर मधल्या भागाचे तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचायलाच हवे. यासाठी स्वयंपाकाचा साधा टोचायचा थर्मामीटर फार उपयोगी पडतो. तो रोलच्या टोकातून लांबीच्या दिशेने आत घालावा. पाकिटातले सारण कच्चे असल्याचे छापले असेल तर थर्मामीटरशिवाय असे रोल एअर फ्रायरमध्ये करू नयेत, कारण वरून उत्तम रंग आलेला असतानाही आतले चिकन कच्चे असू शकते. रंग सोनेरी आला की थांबावे. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर भाजले किंवा तळले जातात तेव्हा ॲक्रिलामाइड हे आरोग्याला अपायकारक मानले जाणारे रसायन तयार होते आणि रंग गडद होत जातो तसतसे ते वाढते. एअर फ्रायरमध्ये तेल कमी लागते म्हणून हा नियम काही सुटत नाही.

रोल बाहेर काढल्यावर जे केले जाते, त्यावरच पुष्कळदा सगळी मेहनत वाया जाते. गरम रोल थेट ताटलीत, टिश्यू पेपरवर किंवा झाकणाच्या डब्यात ठेवले की आतून निघणारी वाफ खालीच अडकते आणि दोन मिनिटांत खालची बाजू मऊ पडते. ते तारेच्या जाळीवर, किंवा जाळी नसेल तर पुरणाच्या चाळणीवर, एकमेकांना न टेकता दोन-तीन मिनिटे ठेवावेत. तेवढ्यात वरचा उरलासुरला ओलावा उडून पारी आणखी कडक होते आणि सारणही तोंड भाजणार नाही इतपत निवते. शेजवान चटणी किंवा गोड-तिखट सॉस वेगळ्या वाटीतच द्यावा. कापून वाढायचे असेल तर धारदार सुरीने तिरपे आणि अगदी वाढण्याच्या क्षणी कापावेत, कारण कोबीमध्ये ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि कापलेल्या बाजूने पारी ते लगेच शोषून घेते.

पाहुणे अधिक असतील तर एकापाठोपाठ घाणे काढावे लागतात. दुसऱ्या घाण्याच्या वेळी यंत्र आतून पूर्ण तापलेले असते, म्हणून पहिला टप्पा पाच मिनिटांचा पुरतो. पहिले रोल झाकून ठेवण्याऐवजी तारेच्या जाळीवर उघडेच ठेवावेत आणि सगळे घाणे झाले की वाढण्यापूर्वी सर्व रोल एकत्र, या एका वेळेपुरते थोडे दाटीने का होईना, २०० अंशांवर दीड ते दोन मिनिटे फिरवून घ्यावेत. डब्यात देण्यासाठी मात्र हा पदार्थ मी सुचवणार नाही. पूर्ण निवल्यावर भरला तरी मधल्या सुट्टीपर्यंत तो सादळतोच.

हीच पद्धत घरी गोठवलेल्या रोललाही लागू पडते, आणि ज्यांना विकतच्या सारणातले मीठ किंवा पामतेल नको असते त्यांनी ती अवश्य करून पाहावी. कोबी, गाजर, सिमला मिरची आणि कांद्याची पात मोठ्या आचेवर दोनच मिनिटे परतावी आणि मीठ अगदी शेवटी घालावे, म्हणजे भाजीला पाणी सुटत नाही. सारण परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावे. कोमट सारण भरले तर पारी आतूनच ओली होते. त्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळून ते बाजारात मिळणाऱ्या रोलच्या पट्ट्यांत घट्ट गुंडाळावे, कड मैद्याच्या खळीने चिकटवावी, आणि रोलना बाहेरून तेलाचा हात लावून ते ताटात सुटे मांडून फ्रीजरमध्ये ठेवावेत. चार-पाच तासांनी ते दगडासारखे कडक झाले की पिशवीत भरावेत. अशा रीतीने गोठवलेले रोल एकमेकांना चिकटत नाहीत. ही पारी कच्ची असल्यामुळे करताना पहिला टप्पा सात मिनिटांचा ठेवावा, आणि महिना-दीड महिन्यात ते संपवावेत.

उरलेले रोल खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त राहू देऊ नयेत. फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी ते १८० अंशांवर चार मिनिटे गरम केले तर पारी बरीचशी पूर्ववत होते. मायक्रोवेव्हमध्ये मात्र ती चिवट होते आणि मग सुधारत नाही. एकदा शिजलेले रोल पुन्हा गोठवू नयेत. यंत्र निवल्यावर जाळी कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून मऊ स्पंजने धुवावी, आणि कोणत्या रोलमधून सारण सांडले असेल तर कॉइलच्या बाजूला उडालेले कण प्लग काढून, यंत्र उलटे करून ओलसर फडक्याने टिपून घ्यावेत, नाही तर पुढच्या वेळी यंत्र तापताच तेच कण जळून धूर होतो.